पलीकडचे आठ

झेलिया मावशीच्या खुराड्यात कॅनडाचं ड्रोन पडलं, तेव्हा ओदील मिशो अंगणात चादरी वाळत घालत होती.

पडलं म्हणजे अगदी आपटलं नाही. नदीवरून भिरभिरत आलं, वाऱ्यात एक गिरकी घेतली, दोरीवरच्या निळ्या चादरीला अडखळलं आणि खुराड्याच्या छपरावरून घसरत थेट कोंबड्यांच्या मधोमध जाऊन बसलं. कोंबड्यांनी जो गलका केला, तो दोन्ही देशांत ऐकू गेला. झेलिया मावशी हातात उलथनं घेऊन बाहेर आली आणि खुराड्यात वाकून बघू लागली.

"अंडी देतं का?"

"नाही मावशी. फोटो काढतं."

"मग कशाला पाळायचं?" असं म्हणून मावशी आत गेली. तव्यावर प्लोय होती आणि प्लोय कुणासाठी थांबत नाही. कुट्टूच्या पिठाची ती जाळीदार आंबोळी एकाच बाजूने भाजायची असते. उलटली की आमच्या खोऱ्यात तुम्हाला परका समजतात.

एप्रिल होता. सेंट जॉन नदीवरचं बर्फ अजून फुटलं नव्हतं, पण आतून करकरायला लागलं होतं. नदीच्या अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडा, आणि दोन्हीकडे गावाचं नाव सेंट लाझारच. गाव मुळात एकच होतं. पुढे दूर कुठेतरी दोन साहेब नकाशा घेऊन बसले, त्यांना नदी दिसली, आणि रेघ ओढायचे कष्ट वाचले म्हणून ते खूश झाले. तेव्हापासून अर्धं गाव अर्ध्या गावाला 'पलीकडचे' म्हणतं. दोन्ही अर्धी म्हणतात, त्यामुळे कुणाला राग येत नाही.

ड्रोनचा मालक पूल ओलांडून आला. पुलाच्या या टोकाला तपासणीच्या चौकीत गास्ताँ बसतो. नात्याने तो ओदीलचा मामा लागतो. तसा तो बऱ्याच जणांचा लागतो.

"अमेरिकेत येण्याचं कारण?" गास्ताँने विचारलं.

"माझी एक वस्तू माझ्या आधी आली आहे."

"तिची तपासणी झाली होती का?"

"ती वरून आली."

गास्ताँने बराच वेळ आभाळाकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

तो फाटकाशी आला तेव्हा हलकी बर्फमिश्रित भुरभुर सुरू झाली होती. उंच, जरा वाकून उभा, टोपी हातात... आणि थंडीने कान असे लाल, की ओदीलला उगाच ते हातांनी झाकावेसे वाटले. तिने हात चादरीत गुंतवून ठेवले.

"माफ करा... माझं ड्रोन—"

"तुमचं का ते? मला वाटलं, हल्ला झाला."

"वारा होता."

"कॅनडाचा वारा आला की नेहमी आमचंच काहीतरी पाडतो."

"यावेळी आमचंच पडलं," तो म्हणाला. "मी ओनेझीम सीर."

ओदीलने ओठ चावला, पण हसू बाहेर आलंच. "ओनेझीम? हे नाव मी वाचलंय. दफनभूमीत. तीन-चार ठिकाणी."

"ते सगळे माझेच पूर्वज. घरात झीम म्हणतात. जिवंत असल्यामुळे."

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "कुठला सीर?" झेलिया मावशीने आतून विचारलं. "लाल नाकाचे की घोडेवाले?"

"घोडेवाले, मावशी."

मावशी बोटांवर पिढ्या मोजू लागली. आमच्याकडे पोरापोरीची नजरानजर झाली की आधी हे करावं लागतं. खोरं लहान आहे. मोजून झाल्यावर तिने जाहीर केलं, "चौथ्या पिढीत मिळतात. चालतं."

"काय चालतं?" झीमने विचारलं.

"जेवण," ओदील घाईने म्हणाली आणि तिचेच कान लाल झाले.

जेवताना झीमने ड्रोन पुसून, शेवटचा फोटो छोट्या पडद्यावर पाहिला. निळी चादर, तिच्यामागून अर्धा चेहरा, वर बघणारे डोळे... तो जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

"हा मला पुसावा लागेल," तो म्हणाला.

"इतकी वाईट आले?"

"तसं नाही! तुम्ही मध्यरेषेच्या पुढे आहात. नदीच्या मध्यापलीकडचं जे काही दिसेल ते कापायचं, असा कार्यालयाचा हुकूम आहे."

"कुठलं कार्यालय?"

"नकाशांचं. पुराचे नकाशे."

ओदीलने काटा खाली ठेवला. "मग मीच ती."

"कोण?"

"जी अलीकडून रोज तुम्हाला कापते."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोन वर्षं एकाच नदीच्या दोन काठांवर बसून दोघांनी एकमेकांना अत्यंत नियमितपणे पांढरं करून टाकलं होतं.

"बाराला ये रे जेवायला रविवारी," निघताना मावशी म्हणाली. "तुझ्या बाराला." पलीकडचं घड्याळ आमच्याहून एक तास पुढे असतं, आणि पाहुण्याला वेळ द्यायची ती त्याच्या घड्याळाने, ही आमची रीत.

"नको मावशी, तुमच्याच बाराला येतो."

"तुझ्या म्हटलं ना!"

"तुमच्या, मावशी. मी धाकटा."

हा वाद फाटकापर्यंत चालला. शेवटी तो कधी आला विचाराल तर, दोन्ही बारांच्या मधे आला, आणि प्लोय गार झाल्या.

*

पूर्वी असं नव्हतं. बर्फ फुटायच्या दिवसांत इकडचा नकाशावाला तिकडच्या नकाशावाल्याला फोन करायचा, "काय रे, किती चढलं?" आणि तो सांगायचा. मग दोन्ही राजधान्यांत एकदम कुणालातरी देशाची काळजी वाटू लागली. दोन देशांतला नदीचा करार तपासायला घेतला. तपासून होईपर्यंत काठांची उंची, पाण्याची पातळी, काहीही पलीकडे द्यायचं नाही. इकडे प्रॅट साहेब दक्षिणेकडून बदली होऊन आले, हुकूम भिंतीला चिकटवला आणि त्याच्याखाली बसले. तिकडच्या साहेबांचं नाव वेगळं होतं. बाकी सगळं हेच.

गंमत पुढे आहे. पुराचा अंदाज संगणक करतो, आणि संगणकाला कोरा भाग म्हणजे खोल खड्डा वाटतो. इकडच्या संगणकाला पलीकडचा काठ कोरा. त्यामुळे बर्फ तुंबून पाणी चढलं, की तो ते सगळं सभ्यपणे पलीकडच्या खड्ड्यात सोडून द्यायचा. तिकडचा संगणक तितक्याच सभ्यपणे ते आमच्याकडे पाठवायचा. दोन्ही नकाशांवर दोन्ही खालच्या आळ्या अगदी कोरड्या ठणठणीत. कुणी घर सोडायची गरज नाही, असं दोन्ही सरकारांनी छापून वाटलं होतं.

झेलिया मावशीचं घर खालच्या आळीत होतं. आणि नदीतल्या बेटापाशी, वळणावर, बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढायला लागल्या होत्या.

"साहेब, पाणी पलीकडे जाणार नाही," ओदील प्रॅट साहेबांना म्हणाली. "पलीकडे खड्डा नाही. पलीकडे ब्यूलिउंची गोठ्याची टेकडी आहे. मला खिडकीतून दिसते."

"खिडकीतून दिसतं ते अधिकृत नसतं, मिस मिशो."

"पण खरं असतं ना?"

"ते तपासायला समिती आहे."

त्या संध्याकाळी ओदीलने झीमला निरोप पाठवला: "तुमची अर्धी नदी हवी आहे."

उत्तर लगेच आलं: "नोकरी जाईल."

तिने लिहिलं: "कुणाची?"

बऱ्याच वेळाने... "दोघांची. केव्हा आणू?"

*

शनिवारी झीम पूल ओलांडून आला तेव्हा गास्ताँने नेहमीचा प्रश्न विचारला.

"काय घेऊन चाललास?"

"नदी."

"किती?"

"अर्धी."

"फळं, भाजी, मांस?"

"नाही."

"मग जा." अर्ध्या नदीबद्दल गास्ताँच्या यादीत काही नव्हतं.

मावशीच्या टेबलावर दोघांनी दोन अर्ध्या नद्या शेजारी ठेवल्या. त्याची मीटरमध्ये, तिची फुटांत. त्याची उंची त्याच्या देशाच्या समुद्रापासून मोजलेली, तिची तिच्या देशाच्या. समुद्र एकच आहे ही गोष्ट दोन्ही देशांना पटायची होती. पण दोन्ही शून्यांतला फरक पुस्तकात दिलेला असतो, तेवढा वजा केला की झालं. बाहेर भुरभुर, आत तव्याचा वास... आणि पडद्यावर वाकलेली दोन डोकी जवळ, अजून जवळ...

"तुमचं बोट माझ्या देशात आलंय," ओदील हळूच म्हणाली.

"ते मध्यरेषेवर आहे."

"मध्यरेषा त्या तिकडे आहे."

"मग..." झीमने बोट काढलं नाही. "मागे घेऊ?"

"मी फक्त नोंद घेतली," ती म्हणाली.

मावशीने दोघांच्या मधे मोलॅसिसची, म्हणजे काकवीची, बाटली आदळली. "आधी खा. नदी कुठे पळून जात नाही."

"जाते मावशी, तेच तर मोजतोय."

नकाशे जुळले. निदान दिसायला. पण खात्री करायला एकच उपाय होता: दोन्ही काठांवर, एकाच क्षणी पाण्याची पातळी मोजायची. पाणी समोरासमोर सारखं असतं. आकडे जुळले, तर नकाशा खरा.

"उद्या सकाळी आठ?" जाताना झीम म्हणाला.

"आठ," ओदील म्हणाली. मग खालच्या आवाजात, "समोरच असाल ना? हात कराल?"

"लाल मफलर हलवीन. दिसेल तुम्हाला."

*

ती सकाळ स्वच्छ आणि बोचरी होती. ओदील मोजकाठी घेऊन जुन्या तरीच्या धक्क्यावर उभी राहिली. समोरचा काठ रिकामा. ती बघत राहिली. ब्यूलिउंच्या गाई दिसल्या, गाईंचा श्वास दिसला, लाल काही दिसलं नाही. आठ वाजून गेले. तिने पातळी मोजली, फोटो काढला, आणि थंडीमुळेच असेल, डोळे पुसले. घरी येऊन तिने टोपलीतल्या ओल्या चादरी अशा जोरात झटकल्या की मावशीने खिडकी बंद करून घेतली.

नंतर त्याचा आकडा आला. तिच्याहून दीड फूट जास्त.

दुपारी तो स्वतः आला. चेहरा पातळीइतकाच चढलेला.

"तुमची काठी वाकडी आहे," तो म्हणाला.

"माझी? तुमच्या देशाचा समुद्रच खोटा असेल."

"मी तिथे गारठत उभा होतो, ओदील!"

"कुठे? कुठे उभा होतास? समोर कुणी नव्हतं. गाई होत्या!"

"तू नव्हतीस! मी मफलर हलवत बसलो वेड्यासारखा. गाईंनी तरी बघितलं. यायचं नव्हतं तर तसं सांगायचं... घरी बसून आकडा टाकायची काय गरज?"

"मी घरी बसले? मी? तूच टाकलास तो, अंदाजाने! कॅनडाच्या अंदाजाने!"

या भांडणात 'तुम्ही' कुठेतरी गळून पडलं. ते पुढे कुणाला सापडलं नाही.

"हे बघ." झीमने फोन तिच्यापुढे धरला. "मोजकाठी. माझा बूट. आणि मागे तुझा काठ. रिकामा."

ओदीलने नाइलाजाने पाहिलं. काठी होती. बूट होता. पलीकडे—म्हणजे अलीकडे—धक्का रिकामा होता. आणि धक्क्याच्या वर, मावशीच्या अंगणात, दोरीवर निळी चादर फडफडत होती.

तिने फोन जवळ ओढला.

"काय झालं?"

"ही चादर," ती सावकाश म्हणाली, "मी धक्क्यावरून परत आल्यावर वाळत घातली. तुझ्यावर चिडून."

"मग?"

"मग तू आला होतास. मी गेल्यानंतर." तिने वर पाहिलं. "झीम... तू कुणाच्या आठला आलास?"

"तुझ्या," तो म्हणाला. "अर्थात तुझ्या. तुला थंडीत लवकर उठावं लागू नये म्हणून. तू?"

"तुझ्या," ओदील म्हणाली. "मी तुझ्या आठला आले होते."

स्वयंपाकघरात तवा चरचरत होता. एका तासात बेटापाशी तुंबलेल्या बर्फाने पाणी दीड फूट चढवलं होतं. नकाशात चूक नव्हती. दोघांनी फक्त एकमेकांची वेळ पाळली होती—आणि म्हणून एकमेकांना चुकले होते.

झीम हसला नाही. त्याने टोपी काढली, परत घातली, परत काढली. "माझ्यासाठी आजवर कुणी पलीकडे राहून माझी वेळ पाळली नव्हती," तो म्हणाला.

"काठी वाकडी म्हणालास."

"माझे शब्द मागे घेतो."

"बोट नाही घेतलंस, शब्द घेतोस?"

"आता घड्याळ नको," मावशी मधेच म्हणाली. तिच्या आवाजात घाई होती. ती खिडकीतून नदी बघत होती. "तासात दीड फूट म्हणालात ना? मग जा, आत्ता मोजा. ती हात वर करेल, तेव्हा तू मोज. एवढी अक्कल दोन देशांत मिळून असेल तर."

ते धावले. तो पूल ओलांडून, ती धक्क्याकडे. नदीच्या दोन काठांवर दोन ठिपके. लाल मफलर वर गेला. ओदीलने हात वर केला, जरा जास्तच उंच, जरा जास्तच वेळ... आणि खाली आणला.

आकडे जुळले. नखभर फरक नव्हता.

जोडलेल्या नकाशावर संगणकाला आता कुठेच खड्डा सापडेना. पाणी दोन्हीकडे पसरलं. इकडची खालची आळी निळी झाली, तिकडची झाली, मावशीचं खुराडं निळं झालं. पाणी चर्चच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबलं.

*

प्रॅट साहेबांनी तो नकाशा पाहिला नाही. पाहिला असता तर परदेशी माहिती पाहिल्यासारखं झालं असतं. "मिस मिशो, हे तुमच्याकडे आहे हाच गुन्हा आहे. मी हे बघितलेलं नाही. तुम्ही हे काढलेलं नाही. आणि कुणी काही हलवणार नाही. अधिकृत नकाशाप्रमाणे सगळं कोरडं आहे."

"आणि घरांत माणसं आहेत, साहेब."

"कोरड्या घरांत माणसं असतातच."

ओदील बाहेर पडली, ती सरळ चर्चच्या सभागृहात गेली. तिथे घेवड्याचं जेवण होतं—जमिनीत पुरलेल्या मडक्यांत शिजवलेला घेवडा. खालची आळी, वरची आळी, सगळं गाव बाकांवर. ती वाढपाच्या टेबलावर चढली, आणि घेवड्याच्या पातेल्यांच्या वर, भिंतीवर, तिने नकाशा ठोकला. त्यात पहिल्यांदाच दोन्ही सेंट लाझार होते. म्हातारी माणसं नकाशाजवळ सरकली.

"हे आमच्या काकांचं घर," कुणीतरी म्हणालं. "पलीकडचं. हे नकाशात पहिल्यांदाच बघतोय."

"घर नंतर बघा," ओदील म्हणाली. "आधी निळं बघा. जे जे निळं आहे, तिथून उद्या उजाडेपर्यंत सगळ्यांनी वर यायचं. आजारी, म्हातारे आधी. कोंबड्यासुद्धा."

दारात प्रॅट साहेब उभे होते. त्यांना जेवणाचं आमंत्रण होतं. आमच्याकडे ते सगळ्यांना असतं.

"मिस मिशो, तो नकाशा खाली उतरवा."

"उतरवते साहेब. पाणी उतरलं की."

"हा हुकूम आहे! तुमची नोकरी—"

"नोकरी वरच्या आळीत आहे साहेब, ती भिजणार नाही. मावशी खालच्या आळीत आहे."

झेलिया मावशी उठली. तिने साहेबांच्या हातात बश्यांचा ढीग दिला. "उभेच आहात, तर हे आत नेऊन ठेवा." आणि ती कोंबड्या आणायला निघाली. तिच्यामागून सगळी खालची आळी उठली. घेवडा अर्धाच राहिला. आमच्या गावात असं आधी कधी झालं नव्हतं.

त्याच वेळी पलीकडे, दुसऱ्या सेंट लाझारमध्ये, झीम दुसऱ्या सभागृहात दुसऱ्या टेबलावर चढून तोच नकाशा ठोकत होता. तिथे डुकराच्या मांसाचं जेवण होतं. एवढाच फरक.

बर्फ सकाळी फुटलं. तोफ उडाल्यासारखा आवाज, मग घरघर, मग घराएवढ्या लाद्या. दोन्ही खालच्या आळ्यांत पाणी शिरलं. मावशीचं कुंपण गेलं, खुराडं गेलं, स्वयंपाकघरात कमरेइतकं पाणी. घरांत कुणी नव्हतं. चर्चच्या दुसऱ्या पायरीपाशी पाणी आलं, क्षणभर विचार केला, आणि थांबलं. ओदील पायरीवर कोंबड्यांच्या टोपलीशेजारी उभी होती. समोरच्या काठावर, पाण्याच्या त्या भयंकर रुंदीपलीकडे, एक लाल ठिपका हलला. तिने हात वर केला. या वेळी दोघंही मोजत नव्हते.

एकच गोष्ट अधिकृत अंदाजाप्रमाणे झाली. प्रॅट साहेबांनी आपली सरकारी गाडी खालच्या आळीत, कोरड्या भागात उभी केली होती. ती पाण्याबरोबर पलीकडे गेली. ब्यूलिउंच्या सफरचंदाच्या झाडाला टेकून सापडली. पुरात बंद झालेला पूल उघडल्यावर, परत आणताना गास्ताँने ती तपासणीला पूर्ण दिवस अडकवली, कारण तिच्यात कॅनडाची सफरचंदाची फांदी होती, आणि झाडपाला यादीत आहे.

*

चौकशी रीतसर झाली. तीन माणसं दक्षिणेकडून आली, पाण्याची खूण बघून चर्चच्या पायरीवर जपून चढली आणि सभागृहात टेबलामागे बसली.

"परदेशी व्यक्तीला सरकारी माहिती दिली, हे मान्य आहे?"

"हो," ओदील म्हणाली. "अर्धी दिली. पूर्ण परत आली."

"पश्चात्ताप झाल्याच्या कागदावर सही करा. प्रकरण मिटेल. नोकरी राहील."

ओदीलने कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की पुन्हा असं करणार नाही. तिने पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं. "पुन्हा पूर येणार आहे," ती म्हणाली. "मग मला खोटं बोलावं लागेल."

नोकरी गेली. मागच्या खुर्चीवर प्रॅट साहेब बसले होते; ती जाताना त्यांनी उठून दार उघडून धरलं. हे कुणाच्या हुकमात बसत नव्हतं.

तेवढ्यात फोनवर झीमचा निरोप आला: "उद्या पूल उघडतोय. मध्यावर ये. आठ वाजता."

कुणाचे आठ, ते लिहिलं नव्हतं. ओदीलने विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी, पलीकडचे आठ वाजायला आले तेव्हा ती गास्ताँच्या चौकीत शिरली. डब्यात मावशीने प्लोय दिल्या होत्या. काचेतून पूल दिसत होता. पुलाच्या मध्यावर, 'येथे थांबण्यास मनाई आहे' या पाटीच्या बरोबर खाली, लाल मफलर उभा होता.

"आला बघ," गास्ताँ म्हणाला. "जा की."

"थांबा मामा."

"वारा बघ कसला सुटलाय. गारठेल तो."

"प्लोय घ्या."

दोघांनी प्लोय खाल्ल्या. झीम एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. टोपी काढली, घातली. पाटी वाचली. नदीत वाकून पाहिलं, पातळी बघत असावा, सवय जात नाही. गेला मात्र नाही. गास्ताँ हळहळत होता आणि खात होता.

आमचे आठ वाजले. ओदीलने हात पुसले, केस नीट केले, आणि चालत निघाली.

"कधीपासून उभा आहेस?" तिने विचारलं.

"माझ्या आठपासून." दात वाजत होते. "म्हटलं, दोन्ही आठांना असावं. पुन्हा चुकामूक नको. तू... आत्ता आलीस?"

"मीसुद्धा तुझ्या आठलाच आले. त्या चौकीत होते."

झीमने चौकीकडे पाहिलं. गास्ताँने आतून बोटं चाटत हात केला.

"आणि तासभर मला बघत बसलीस?"

"बघायचं होतं, माझे आठ वाजेपर्यंत टिकतोस का."

"टिकलो?"

तिने दोन्ही हात वर केले आणि त्याचे लाल कान झाकले. पहिल्या दिवसापासून राहून गेलेलं काम होतं ते.

"सही केलीस?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. तू?"

"माझ्या कागदावर 'पुन्हा कधीही सीमेपलीकडे बघणार नाही' असं होतं. म्हटलं, हे तर मला... जमणारच नाही." तो जरा थांबला. "ओदील, मी बेकार आहे. आणि तुझ्यावर माझं प्रेम आहे. दोन्ही गोष्टी नकाशावर आणता येतील तितक्या पक्क्या आहेत."

"मीही बेकार आहे," ओदील म्हणाली. "दुसऱ्या गोष्टीचंही तसंच आहे."

"मग आता?"

"आता ब्यूलिउंच्या टेकडीवरून सुरुवात करू. पुढच्या वळणापर्यंत कुणीच नीट मोजलेलं नाही. दोन्ही गावांच्या सभा वर्गणी काढतायत. हुकूम कार्यालयांना आहे, आपल्याला नाही."

मागून भोंगा वाजला. तिकडच्या टोकाला दुधाची गाडी होती, इकडच्या टोकाला शाळेची बस, आणि मध्ये हे दोघं. गास्ताँ चौकीतून बाहेर येऊन ओरडला, "अरे, रांग लागलीय! पाटी वाचा! मध्यावर थांबायचं नाही!"

चर्चच्या पायऱ्यांवरचं पाणी केव्हाच उतरलं होतं. सभागृहातला नकाशा मात्र कुणी उतरवला नव्हता, आजही नाही.

ओदीलने मान वर करून पाटी वाचली, अगदी नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग ती झीमकडे वळली.

"वाचलीस?" त्याने विचारलं.

"वाचली."

आणि दोघं तिथेच थांबले.